चौकोन घालवा, घुबड आणा: ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये इजिप्शियन चित्रलिपी चालवायची तर

"ठाण्यात बसून इजिप्तच्या लिपीचं काय करायचंय तुला?" हे घरच्यांपासून ऑफिसातल्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. उत्तर एकच, मोडीसाठी. म्हणजे कसं, युनिकोड ही जगातल्या अक्षरांना नंबर देणारी यादी, आणि आपली देवनागरी तिच्या पहिल्या ६५,५३६ जागांमध्ये बसते, त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने थोडा आळस केला तरी मराठी चालून जातं. मोडी तिथे नाहीये. ती २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिला जागा मिळाली यू+११६०० पासून, म्हणजे त्या हद्दीच्या बाहेर (यू+ च्या पुढचा नंबर सोळाच्या पद्धतीने लिहितात, म्हणून तो ६५,५३६ पेक्षा लहान वाटतो आणि त्यात ए, बी, सी अशी अक्षरंही येतात). इजिप्शियन चित्रलिपी तिच्या आधी, २००९ साली ५.२ मध्ये आली, यू+१३००० पासून, तीही हद्दीबाहेरच. दोघींचा रस्ता बराचसा एकच, तेच शेपिंग इंजिन (कोडवरून चित्र ठरवणारं सॉफ्टवेअर), तीच पीडीएफची भानगड. फक्त चित्रलिपीला वापरणारे जगभर आहेत, टेस्ट करायला बरे फॉन्ट आहेत आणि बग टाकला, म्हणजे सॉफ्टवेअरची चूक कळवली, की कोणीतरी लक्ष घालतं. त्यामुळे ठाणे-कल्याणकडच्या ज्या मंडळींच्या कपाटात आजोबांच्या जमिनीचे मोडी कागद पडलेत आणि ते कधीतरी नीट टाइप करून ठेवायचेत, त्यांनी हे वाचाच, इजिप्तशी काही घेणंदेणं नसलं तरी.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. आणि प्रत्यक्ष चित्रं इथे टाकत नाहीये, कारण निम्म्या लोकांच्या मोबाइलवर चित्रांऐवजी नुसते चौकोन दिसतील आणि मग लेखापेक्षा त्यावरच चर्चा होईल.

आधी ठरवा, कोणती चित्रलिपी?

हे नवीन लोक हमखास सोडून देतात. नुसतं 'हायरोग्लिफ' म्हणून फॉन्ट शोधला तर तीन वेगळ्या गोष्टी हाती येतात. इजिप्शियन, यू+१३००० पासून. ॲनाटोलियन, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडची, ती यू+१४४०० पासून, २०१५ साली ८.० मध्ये आली, ५८३ चिन्हं. आणि मेरोइटिक, सुदानकडची, यू+१०९८० पासून. नोटो या गूगलच्या मोफत फॉन्ट-मालिकेत तिन्हींचे फॉन्ट वेगळे आहेत आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. इथून पुढे मी फक्त इजिप्शियनबद्दल बोलतोय.

इजिप्शियनमध्येही टप्पे आहेत. २००९ ला १०७१ चिन्हं आली, ती बहुतांशी ॲलन गार्डिनर या इंग्रज अभ्यासकाच्या यादीवरून. त्याने १९२७ च्या आपल्या व्याकरणात चिन्हांचे गट पाडले, ए म्हणजे पुरुष, जी म्हणजे पक्षी, एन म्हणजे आकाश-पृथ्वी-पाणी वगैरे, आणि आजही अभ्यासक 'जी१७' म्हणाले की समोरच्याला घुबड कळतं. मग २०१९ ला युनिकोड १२.० मध्ये चिन्हं एकमेकांवर-शेजारी रचायची ९ कंट्रोल कॅरेक्टर (स्वतः चित्र नसलेली, फक्त मांडणी सांगणारी चिन्हं) आली, २०२२ ला १५.० मध्ये त्यात आणखी भर पडली, आणि सप्टेंबर २०२४ ला १६.० मध्ये एकदम ३९९५ नवीन चिन्हं, यू+१३४६० पासून पुढे. हे का सांगतोय, तर तुमच्या मजकुरात यू+१३४६० च्या पुढचं काही असेल आणि तुमचा फॉन्ट जुना असेल तर चौकोन दिसणारच, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. बग टाकायच्या आधी हे बघा राव, उगाच कोणाचा तरी अर्धा दिवस जातो.

पहिली पायरी: चौकोन नीट बघा

चौकोन दिसला की लोक लगेच फॉन्ट उतरवायला धावतात, एक नाही झाला की दुसरा, मग तिसरा, शेवटी सिस्टिममध्ये पाच फॉन्ट होतात आणि कुठला वापरला जातोय तेच कळेनासं होतं. थांबा. आधी दिसतंय ते काय आहे ते बघा, कारण बहुतेक वेळा कुठे बिघडलंय हे तेवढ्यावरूनच कळतं.

नुसता रिकामा चौकोन असेल तर कोड शाबूत आहे, फॉन्टमध्ये चित्र नाही. चौकोनात बारीक आकडे असतील (फायरफॉक्समध्ये असे दिसतात) तर अजून छान, ते आकडेच कोडपॉइंट, म्हणजे चिन्हाचा युनिकोड नंबर आहेत, वाचून घ्या. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसत असेल तर फॉन्टचा काही संबंध नाही, तुमचा डेटाच खराब झालाय, वाटेत कुठेतरी एन्कोडिंग चुकलं आणि मूळ चिन्ह गेलं. साधं प्रश्नचिन्ह असेल तरी तेच. मूळ फाइलकडे परत जा, दुसरा उपाय नाही.

एका चिन्हाच्या जागी दोन चौकोन असतील तर ते वेगळं प्रकरण आहे. यूटीएफ-१६ मध्ये हद्दीबाहेरचं प्रत्येक चिन्ह दोन तुकड्यांत लिहितात, यू+१३००० म्हणजे डी८०सी आणि डीसी००, आणि कुठल्यातरी प्रोग्रामने ते दोन तुकडे दोन वेगळी अक्षरं समजून घेतलेत.

आणि सगळ्यात मजेशीर प्रकार, घुबडाच्या जागी कोरियन! जुन्या कोडमध्ये कुणी कोडपॉइंट १६ बिटांत कोंबला की सुरुवातीचा १ गळून पडतो. घुबडाचा कोड यू+१३१५३, एक गेला की उरतो यू+३१५३, तो कोरियन स्वर आहे. पाण्याच्या लाटेचं यू+१३२१६ होतं यू+३२१६, तेही कोरियन, कंसात बसवलेलं. बसलेल्या माणसाचं, म्हणजे यू+१३००० चं, होतं यू+३०००, आणि ती चिनी-जपानी लिखाणातली रुंद मोकळी जागा आहे, म्हणजे माणूस चक्क गायब आणि चौकोनही नाही! पीडीएफमधून कॉपी करताना जर असं कोरियन येत असेल तर डोळे मिटून सांगा, १६ बिटांचा घोळ आहे. मोडीतही हाच प्रकार होतो, फक्त भलतीच लिपी निघते.

शंका असेल तर पायथॉन उघडा, ते चिन्ह अवतरणात टाकून ऑर्ड आणि हेक्स फंक्शन चालवा, १३००० च्या पुढचा आकडा आला तर डेटा ठीक आहे. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी एक टीप, मायएसक्यूएलमध्ये टेबल जुन्या 'यूटीएफ८' वर असेल तर त्यात तीन बाइटपर्यंतचीच अक्षरं मावतात. मराठी तीन बाइटची असते म्हणून इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही, चित्रलिपी, मोडी आणि बहुतेक इमोजी चार बाइटचे. टेबल 'यूटीएफ८एमबी४' वर न्या. खरं तर इमोजीचे उपकारच मानायला हवेत, गुड मॉर्निंगच्या मेसेजातली फुलं दिसावीत म्हणून लोकांनी जे दुरुस्त केलं त्यात प्राचीन लिप्यांचंही भलं झालं.

दुसरी पायरी: एकच फॉन्ट, नीट बसवलेला

लिनक्सवर असाल तर 'नोटो सॅन्स इजिप्शियन हायरोग्लिफ्स' घ्या. डेबियन-उबंटूवर 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' या पॅकेजात तो येतो. पॅकेज नको असेल तर फॉन्टची फाइल घरच्या फोल्डरमधल्या '.लोकल/शेअर/फॉन्ट्स' मध्ये टाका आणि 'एफसी-कॅश -एफ' चालवा. विंडोज १० पासून 'सेगो यूआय हिस्टॉरिक' आधीच असतो. मॅकवरही नोटोचाच असतो.

आता तपासायचं. 'एफसी-लिस्ट' ला चारसेट विचारता येतो, म्हणजे कोलन, चारसेट, बरोबरचं चिन्ह, १३०००, हे सगळं अवतरणात. ज्या ज्या फॉन्टात बसलेला माणूस आहे त्यांची यादी येते. यादी रिकामी असेल तर फॉन्ट बसलाच नाही. एकापेक्षा जास्त नावं असतील तर जास्तीचे काढून टाका, निदान शिकत असेपर्यंत तरी. कारण सिस्टिम आपल्या मर्जीने फॉन्ट निवडते आणि एकाच ओळीत दोन चिन्हं दोन वेगळ्या हातांची येतात, घुबड मोठं आणि शेजारचं पावाचं चिन्ह एवढंसं.

तिसरी पायरी: ॲप सोडा, आधी हार्फबझला विचारा

या पायरीला जरा वेळ द्या, कारण पुढच्या सगळ्या भांडणात हाच साक्षीदार. हार्फबझ म्हणजे ओपन सोर्समधलं शेपिंग इंजिन. क, हलंत, ष असं टाइप केलं की 'क्ष' दिसतो ना, तर कुठल्या कोडच्या बदल्यात कुठलं चित्र कुठे ठेवायचं हे ठरवणं म्हणजे शेपिंग, आणि लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, झीलॅटेक, म्युपीडीएफ, सगळीकडे आत तोच बसलाय. त्याच्यासोबत दोन छोटी टूल येतात, 'एचबी-व्ह्यू' आणि 'एचबी-शेप'. पहिलं चित्र काढून दाखवतं, दुसरं सांगतं की कुठली ग्लिफ (फॉन्टमधलं चित्र) निवडली आणि कुठे ठेवली.

एचबी-व्ह्यूला युनिकोड्स या पर्यायात १३१५३ आणि १३२१६ स्वल्पविरामाने द्या, पुढे फॉन्टच्या फाइलचा पत्ता. घुबड आणि लाट दिसली? मग फॉन्ट ठीक, हार्फबझ ठीक, आणि तुमच्या ॲपमध्ये चौकोन येत असेल तर गडबड ॲपमध्ये. इथेही चौकोन आला तर ॲपच्या नावाने बोटं मोडू नका, फॉन्टमध्येच काहीतरी आहे. एक नेहमीचं कारण सांगतो. फॉन्टच्या आत 'सीमॅप' नावाचा तक्ता असतो, कुठल्या कोडला कुठलं चित्र याचा. त्याचा फॉरमॅट ४ हा जुना प्रकार फक्त पहिल्या ६५,५३६ पुरता, हद्दीबाहेरच्यांना फॉरमॅट १२ लागतो. हौशी मंडळींनी बनवलेल्या फॉन्टमध्ये (मोडीचे काही असे आहेत) चित्रं सुरेख असतात पण ती देवनागरीच्याच कोडांवर बसवलेली असतात, म्हणजे फॉन्ट बदलला की मजकूर पुन्हा देवनागरी. तसला फॉन्ट इथे कामाचा नाही.

चौथी पायरी: लिबरऑफिस

लिबरऑफिस म्हणजे वर्ड-एक्सेलसारखा ओपन सोर्स संच. त्याच्या रायटरमध्ये यू+१३१५३ टाइप करा आणि लगेच आल्ट आणि एक्स दाबा, घुबड. परत दाबलं की परत कोड. एवढं चाललं की निम्मं काम झालं.

मग एक कॅरेक्टर स्टाइल बनवा, नाव काहीही द्या, आणि तिच्यात फॉन्ट ठरवा. लिबरऑफिस मजकुराचे तीन भाग करतं, पाश्चात्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स (आपलं मराठी या तिसऱ्यात), आणि प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा लागतो. चित्रलिपी कुठल्या भागात धरली जातेय यावर डोकं खपवण्यापेक्षा तिन्हीकडे तोच नोटो टाका आणि मोकळे व्हा. चित्रलिपी दिसेल तिथे ती स्टाइल लावायची, हाताने फॉन्ट निवडत बसायचं नाही, नंतर फॉन्ट बदलायचा झाला तर एका जागी बदलता येतो.

चिन्हं उंच असतात त्यामुळे मराठी परिच्छेदात मध्येच एक घुबड आलं की ती ओळ खाली ढकलली जाते आणि पान विचित्र दिसतं. परिच्छेदाची लाइन स्पेसिंग 'फिक्स्ड' करा, चिन्हांचा साइज मजकुरापेक्षा एखाद पॉइंट कमी ठेवा.

दुसरी कटकट ओळ मोडण्याची. इजिप्शियन लोक शब्दांमध्ये जागा सोडत नसत, आणि युनिकोडच्या नियमांत ही चिन्हं साध्या अक्षरांसारखी धरलीयत, म्हणजे जागा सोडल्याशिवाय ओळ तुटत नाही. लांब मजकूर असेल तर तो समासाबाहेर जातो किंवा नको तिथे तोडला जातो. उपाय सोपा, शब्द संपला की यू+२००बी टाका, ती न दिसणारी शून्य रुंदीची जागा आहे, ओळ तिथे मोडू शकते. तेवढं मात्र तुम्हाला शब्द कुठे संपतो ते माहीत पाहिजे, कॉम्प्युटर नाही सांगणार.

दिशेचंही सांगून टाकतो. मूळ शिलालेख बरेचसे उजवीकडून डावीकडे आहेत, आणि प्राणी-माणसं ज्या बाजूला तोंड करून असतात तिकडून वाचायला सुरुवात करायची अशी पद्धत. युनिकोडने मात्र चिन्हांची दिशा डावीकडून उजवीकडे ठेवलीय, पुस्तकांतही बहुतेक तशीच छापतात. नवीन असाल तर तसंच राहू द्या. उलट दिशेच्या नादाला लागलात तर नुसता क्रम उलटून भागत नाही, प्रत्येक चित्र आरशातल्यासारखं फिरवावं लागतं, आणि ते फॉन्टला जमलं पाहिजे.

लॅटेकवाल्यांसाठी, थोडक्यात

लॅटेक म्हणजे कमांड लिहून पानं मांडायचं सॉफ्टवेअर. त्यातलं पीडीएफलॅटेक विसरा. झीलॅटेक किंवा लुआलॅटेक घ्या, फॉन्टस्पेक पॅकेज लावा, मराठीसाठी मुख्य फॉन्ट मुक्ता किंवा नोटो देवनागरी, आणि चित्रलिपीसाठी 'न्यूफॉन्टफॅमिली' ने वेगळी कमांड बनवा. लुआलॅटेकमध्ये रेंडरर हार्फबझ असा पर्याय द्यायला विसरू नका. लॅटेक स्वतःहून दुसरा फॉन्ट शोधत नाही, चिन्ह नसेल तर गुपचूप गाळतं आणि 'मिसिंग कॅरेक्टर' अशी एक ओळ लॉगमध्ये टाकून मोकळं होतं, लॉग कोण वाचतं! म्हणून सुरुवातीलाच 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' ची किंमत ३ करा, टेक लाइव्ह (लॅटेकचा तयार संच) २०२१ पासून त्याने सरळ एरर येते आणि काम थांबतं.

पाचवी पायरी: चिन्हं एकमेकांवर रचणं

आत्तापर्यंत सगळी चिन्हं रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागे एक आली असणार. इजिप्शियन लोक असं लिहीत नसत. ते एका अदृश्य चौकटीत दोन-तीन-चार चिन्हं बसवायचे, लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा टेकतो तसं, सगळ्यांनी थोडं थोडं आक्रसून. प ध्वनीचं चिन्ह (स्टूल, यू+१३२एए) वर आणि त ध्वनीचं (पाव, यू+१३३सीएफ) खाली असं एकत्र येतं, आणि टॉलेमी राजाच्या नावाची सुरुवात अशीच होते. रोझेटा शिलेवर हेच नाव लंबगोल चौकटीत कोरलंय आणि शाम्पोलियॉंने १८२२ साली लिपी उलगडली त्यात या नावाचा मोठा हात होता.

पूर्वी यासाठी अभ्यासक १९८८ च्या 'मॅन्युएल द कोडाज' पद्धतीने लिहायचे, पी कोलन टी म्हणजे वर-खाली, मध्ये तारा टाकला तर शेजारी-शेजारी. जेसेश नावाचा ओपन सोर्स एडिटर अजूनही त्यावर चालतो आणि विकिपीडियावरची चित्रलिपीही याच पद्धतीने लिहिलेली असते, फक्त तिथे प्रत्येक चिन्ह हे चित्राची फाइल असतं, मजकूर नाही, शोधलं तर सापडणार नाही.

युनिकोडमध्ये आता स्टूल, मग यू+१३४३०, मग पाव असं लिहायचं. १३४३० म्हणजे 'याच्या खाली पुढचं', १३४३१ म्हणजे 'याच्या शेजारी'. नुसतं कॅरेक्टर टाकून काही होत नाही हं, फॉन्टमध्ये त्याचे नियम लागतात, आणि साध्या नोटोवर विसंबून इथे काम भागत नाही. मायक्रोसॉफ्टने गिटहबवर 'इजिप्शियन टेक्स्ट' नावाचा फॉन्ट खुला ठेवलाय, त्यात हे रचण्याचे नियम आहेत, आधी त्याच्यावर करून बघा. आतून बघायला गेलं तर प्रत्येक चिन्हाचे लहान-मोठे अनेक आकार ठेवलेले असतात आणि शेजारी कोण आहे ते बघून त्यातला एक निवडला जातो. हार्फबझमध्ये हे काम युनिव्हर्सल शेपिंग इंजिनकडे आहे. देवनागरीला स्वतःचा वेगळा इंडिक शेपर मिळालाय, पण मोडी याच युनिव्हर्सलमधून जाते, म्हणूनच मघाशी म्हटलं की रस्ता एकच.

इथे परत एचबी-शेप कामाला येतं. स्टूल-१३४३०-पाव दिलं आणि उत्तरात दोन्ही चिन्हं एकापुढे एक, मोठ्या मूळ आकारातच आली, तर नियम लागले नाहीत. एचबी-शेपमध्ये नीट आणि लिबरऑफिसमध्ये आडवं, असं झालं तर बहुधा ॲपने मध्येच मजकुराचे तुकडे केलेत, म्हणजे स्टूल एका फॉन्टातून आणि कंट्रोल कॅरेक्टर दुसऱ्यातून. तिन्हींवर एकच स्टाइल आहे ना ते बघा, नव्वद टक्के वेळा तिथेच सुटतं (नव्वद हा आपला अंदाजपंचे).

सहावी पायरी: पीडीएफ

आमच्या नौपाड्यातले एक काका, शाळेतून रिटायर झालेले, मुलांसाठी इजिप्तवर छोटी पुस्तिका करत होते. घरी सगळं मस्त दिसत होतं. छापायला देताना त्यांनी रायटरची फाइलच व्हॉट्सॲपवर पाठवली, दुकानातल्या मुलाने ती विंडोजवर वर्डमध्ये उघडली, चिन्हं दिसली पण दुसऱ्याच फॉन्टात, त्यामुळे ओळी हलल्या आणि पिरॅमिडचं चित्र पुढच्या पानावर जाऊन बसलं. काका वैतागले, "अरे, इथे तर दिसतंय ना सगळं, मग तिथे काय होतं?" तेव्हा पहिला नियम हा की दुसऱ्याला पाठवायचं ते पीडीएफ. मूळ फाइलच द्यायची असेल तर प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या टॅबवर जाऊन फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करण्याची खूण करून मगच.

पीडीएफ झाली की 'पीडीएफफॉन्ट्स' चालवा, पॉप्लरच्या टूल्समध्ये येतं. एक तक्ता दिसतो, प्रत्येक फॉन्टची एक ओळ. त्यातले तीन रकाने बघायचे, ईएमबी, सब आणि यूएनआय. ईएमबीखाली यस म्हणजे फॉन्ट आत आहे, छापताना काळजी नाही. सबखाली यस म्हणजे वापरलेलीच चिन्हं घेतलीत, चांगलं आहे, फाइल लहान राहते. यूएनआयखाली नो असेल तर मात्र लक्ष द्या, म्हणजे चित्रं छापली जातील पण ती कुठल्या कोडची हे पीडीएफला माहीत नाही, शोध चालणार नाही, कॉपी चालणार नाही.

यूएनआय यस असलं तरी एकदा 'पीडीएफटूटेक्स्ट' ने मजकूर बाहेर काढून बघाच. पीडीएफमध्ये ग्लिफ क्रमांक आणि युनिकोड यांची सांगड घालणारा तक्ता असतो, त्यात हद्दीबाहेरचं चिन्ह त्या दोन तुकड्यांत लिहावं लागतं, डी८०सीडीसी०० असं सलग. कोणी ते अर्धंच लिहिलं की मघाचं कोरियन इथे उगवतं. पानावर सगळं बरोबर दिसत असतं म्हणून हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचाही थोडा फरक पडतो. फॉन्ट आत असेल तर ऑक्युलर, एव्हिन्स, म्युपीडीएफ, सगळीकडे सारखंच दिसायला हवं. ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलीत, मात्र फॉन्ट बऱ्याचदा आत नसतो. म्युपीडीएफने त्यासाठी वेगवेगळ्या लिप्यांचे नोटो फॉन्ट स्वतःच्या पोटातच घेतलेत, इजिप्शियनसकट. पण आकार वाचवायचा म्हणून ते बिल्ड करताना गाळताही येतात, तेव्हा एखाद्या डिव्हाइसवरच्या ॲपमध्ये म्युपीडीएफ असूनही चौकोन आले तर ते कसं बिल्ड केलंय ते विचारा.

शेवटची पायरी: बग टाकायचा किंवा पॅच द्यायचा

ऐरोली-घणसोलीच्या आयटीतली पोरं विचारतात, ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू. माझ्या मते अशा लिपीच्या बगापासूनच. कोड लिहिता आला नाही तरी चालतो, नीट मांडलेला बग हेच मोठं काम आहे.

नीट म्हणजे काय? पन्नास पानांची फाइल जोडायची नाही. दोन चिन्हांची फाइल बनवा, त्यात दुसरं काही नको. सोबत तीन गोष्टी: ॲपमध्ये कसं दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट, त्याच फॉन्टात तीच चिन्हं एचबी-व्ह्यूने काढलेली प्रतिमा, आणि कोडपॉइंट आकड्यांत लिहून, कारण बघणाऱ्याच्या मशीनवर चौकोनच असणार. फॉन्टचं नाव आणि व्हर्जन, ॲपचं व्हर्जन, हार्फबझचं व्हर्जन. 'चित्रलिपी दिसत नाही' एवढंच लिहिलंत तर पहिलाच प्रश्न येईल, कुठला फॉन्ट, आणि त्यात आठवडा जातो.

पॅच, म्हणजे दुरुस्त केलेला कोड, देणार असाल तर टेस्टसाठी फॉन्ट जोडावा लागतो, आणि अख्खा फॉन्ट जोडला की रिपॉझिटरी सांभाळणारे नाक मुरडतात, बरोबरच आहे त्यांचं. फॉन्टटूल्समधलं 'पीवायएफटीसबसेट' घ्या, दोन-तीन कोडपॉइंट द्या, लेआउट फीचर्सपुढे तारा टाका म्हणजे रचण्याचे नियम गाळले जात नाहीत, आणि अगदी छोटा फॉन्ट मिळतो. नोटो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, असं करायला परवानगी आहे, पण लायसन्सची फाइल सोबत ठेवा. काही फॉन्टच्या लायसन्समध्ये मूळ नाव राखीव असतं, तिथे छाटलेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं, ते आधी वाचून घ्या.

आणि टेस्ट लिहिताना यू+१३००० एकटं घेऊ नका. १६ बिटांचा घोळ झाला तर त्याची मोकळी जागा होते आणि बऱ्याच टेस्ट मोकळ्या जागा छाटून टाकतात, त्यामुळे टेस्ट चुकून पास होते. घुबड घ्या. सोबत मोडीचा एखादा 'क' पण टाका, तेवढ्याच कष्टात.

लिबरऑफिसला नवख्यांसाठी 'ईझी हॅक्स' ची यादी आहे, तिथे फॉन्ट आणि लिपीचं काही आहे का चाळून बघा. बग दुरुस्त झाला असं कळलं की त्यांचा डेली बिल्ड (रोज तयार होणारी ताजी आवृत्ती) उतरवून आपली दोन चिन्हांची फाइल उघडायची आणि दिसली की बगवर तसं लिहायचं. तुमच्या उबंटूपर्यंत ती दुरुस्ती यायला वेळ लागेल, तोवर डेली बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून वापरा, रोजच्या कामाच्या फाइली त्यात उघडू नका.